करंगळीचा इतिहास

मराठीत हातापायाला मुंग्या येतात, कोपर आपटलं की झिणझिण्या येतात, आणि फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की हे पाच मिनिटांत जाणार. पाय झटकायचा, जरा चालायचं, की झालं. आल्या आणि मुक्कामालाच राहिल्या अशा मुंग्यांसाठी आपल्याकडे वेगळा शब्द नाही. (कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.)

माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागाला अकरा वर्षांपूर्वी मुंग्या आल्या, त्या अशा मुक्कामी. आधी वाटलं हात अंगाखाली घेऊन झोपलो असेन. मग मान दुखते का, कॉम्प्युटरवर फार बसता का, असे प्रश्न झाले. एका दवाखान्यात मानेला पट्टा मिळाला, दुसऱ्या ठिकाणी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. यात वर्ष-सव्वा वर्ष गेलं. शेवटी त्वचारोगाच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो तो भलत्याच कारणाने, दंडाखाली आलेल्या एका फिकट चट्ट्यासाठी. त्यांनी चट्ट्याकडे पाहिलं, मला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाने कुठे स्पर्श होतोय ते बोट ठेवून दाखवा म्हणाले. चट्ट्यावर मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपली. ती सुतळीसारखी जाड झाली होती. "कुष्ठरोग आहे, बारा महिने गोळ्या घ्यायच्या," असं ते ज्या आवाजात म्हणाले त्याच आवाजात त्यांनी पुढच्या पेशंटला सर्दी झाल्याचं सांगितलं असणार.

बारा महिने गोळ्या घेतल्या. बरा झालो, तेही नऊ वर्षांपूर्वी. जंतू गेले, करंगळीतला बधिरपणा राहिला.

ही गोष्ट घरात चार माणसांना माहीत होती. आता तुम्हा सगळ्यांना झाली. नातेवाईक मंडळींनी दचकू नये, ब्लॉग वाचून संसर्ग होत नाही :)

त्या चौघांत एक आमची ताई, माझी आतेबहीण. ती अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये असते. तिला पहिल्यांदा सांगायचं कारण म्हणजे तिलाही मुंग्या आहेत. अंगणातल्या गवतात कधीतरी गोचीड चावली, अंगावर गोल चकंदळ उठलं, मग चेहऱ्याची एक बाजू काही आठवडे लुळी पडली, पायांत मुंग्या सुरू झाल्या. लाइम डिसीज. हे नावच तिच्या राज्यातल्या लाइम नावाच्या गावावरून पडलंय. १९७५च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे सांधे एकाच वेळी सुजायला लागले, आणि पॉली मरे नावाच्या एका आईने पाठपुरावा केला म्हणून डॉक्टरांचं लक्ष गेलं. १९८१मध्ये विली बर्गडॉर्फर यांना त्या गोचिडीत मळसूत्रासारखा जंतू सापडला. ताईने अँटिबायोटिकचा कोर्स घेतला, चेहरा पूर्ववत झाला, पायांतल्या मुंग्या मात्र अधूनमधून येतात.

म्हणजे बघा, दोघांनाही जंतूंमुळे झालं, दोघांच्याही नसांवर गेलं, दोघंही औषधाने बरे झालो आणि दोघांकडेही मागे तेच उरलं. ताईने आजाराची बातमी घरच्या गणपतीला आलेल्या तीस माणसांना सांगितली. शेजारणी घरी जेवण आणून देत होत्या. मी इकडे माझ्या सख्ख्या काकांना "नस दबलीय" सांगत होतो. हा फरक कुठून आला हे शोधायला मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता ध्यानात आलं की यातला बराचसा इतिहास माझ्या घराच्या आसपासच घडलेला आहे.

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून आम्ही शाळेत जायचो. केईएम, वाडिया, पलीकडे टाटा, आणि झाडांमागे दडलेलं हाफकिन. बाहेरच्याला हा नुसता दवाखान्यांचा रस्ता वाटतो. १८९९मध्ये प्लेगची प्रयोगशाळा इथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं, हे आम्हाला शाळेतही सांगितलं होतं. कुष्ठरोगाचं कुणी काही सांगितलं नाही.

त्याची मुंबईतली गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. १८९०मध्ये हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांचा प्रश्न तेव्हा वर्तमानपत्रांत गाजत होता. आदल्याच वर्षी, हवाई बेटांवर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता स्वतःलाच रोग जडलेले फादर डेमियन वारले होते आणि साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात या रोगाची धास्ती पसरली होती. ॲकवर्थनी वर्गणी जमवून माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान काढलं. आजचं वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. हा माणूस मला चमत्कारिक वाटतो, कारण याच ॲकवर्थनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर गावोगावचे पोवाडे गोळा करून १८९१मध्ये छापले. आपण आज जे जुने पोवाडे वाचतो त्यातले कितीतरी या दोघांमुळे कागदावर आले. शाहिरांचे शब्द हरवू नयेत म्हणून धडपडणारा आणि महारोग्यांना रस्त्यावरून उचलून कुंपणात ठेवणारा साहेब एकच! दोन्ही कामं त्याने सारख्याच निष्ठेने केली असणार.

पुढे १८९८चा कायदा आला. मी तो मुळातून वाचला. त्यात पकडायचं कुणाला, तर भीक मागणाऱ्या किंवा पोटापाण्याचं साधन न दिसणाऱ्या कुष्ठरोग्याला. असा माणूस दिसला तर पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकत होते. सरकारने ठरवलं तर कुष्ठरोग्याला खाण्याच्या वस्तू विकायला, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला, भाड्याच्या गाडीत बसायला बंदी. कायद्याला रोगाइतकीच गरिबीचीही भीती होती, हे त्यातल्या व्याख्येवरूनच कळतं. बंगल्यातला कुष्ठरोगी बंगल्यातच राहिला. चाळीतल्याला ते शक्यच नव्हतं.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. त्यांचे यजमान गिरणीत साच्यावर होते. मी त्यांना पाहिलेलं नाही, बाबा सांगतात ते असं: काकांच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना काही कळेनासं झालं. तुटलेला धागा पकडून जोडायचा म्हणजे सगळा खेळ बोटांच्या टोकांचा, तो जमेना. मग बोटांना जखमा दिसायला लागल्या. जखम झालेली त्यांना कळायची नाही, बाजूचा माणूस "अरे रक्त येतंय" म्हणाला की कळायची. एका खोलीत आठ माणसं, नळ सगळ्या मजल्याचा, संडास सगळ्यांचा. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण काकूंचा हंडा नळावर शेवटी लागायला लागला. १९६०च्या आगेमागे काका "गावाला" गेले ते परत आले नाहीत. ते विदर्भातल्या एका आश्रमात होते हे चाळीला पुष्कळ वर्षांनी कळलं. काकू त्यांना दर महिन्याला मनिऑर्डर करत. पोस्टमन चाळीत येऊ नये म्हणून त्या स्वतः पोस्टात जात.

लोकांची समजूत होती (अजूनही आहे) की या रोगात बोटं झडतात. ती तशी झडत नाहीत. नस मेली की दुखणं थांबतं. दुखत नाही म्हणून तापलेला तवा धरला तरी हात मागे घेतला जात नाही, चपलेतला खिळा दिवसभर टोचत राहतो. जखम चिघळते, पुन्हा त्याच जागी लागतं, हाड आतून झिजतं आणि बोट आखूड होत जातं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटापासून हे बारकाईने तपासलं. रोग मांस खातो ही कल्पना त्यांनी मोडून काढली आणि वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाला लावली. आपल्याकडे जे.जे.मध्ये प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांचे हात आणि बसलेली नाकं दुरुस्त करण्याचं मोठं काम केलं. तशी स्पर्श हरपण्याची खूण सुश्रुतसंहितेतही कुष्ठाच्या लक्षणांत आलेली आहे. खूण जुनी, तिचा अर्थ लागायला एवढा काळ जावा लागला.

आता परळ. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) हे पॅथॉलॉजिस्ट. आधी केईएमच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात आणि मग १९४१मध्ये सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात. १९५२मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं, त्याचे ते संचालक. कॅन्सरच्या संस्थेत कुष्ठरोग कुठून आला असं मलाही वाटलं होतं. पण खानोलकरांना दोन्ही विषयांचा ध्यास होता, आणि तेव्हाच्या संस्थांमध्ये संचालकाचा ध्यास ही पुरेशी परवानगी असावी. त्यांनी कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चट्ट्यांचे, तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९५१मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की जंतू कातडीतल्या बारीक बारीक नसांमध्ये फार लवकर शिरतात आणि नसांच्या वाटेने वर सरकतात. चट्टा आपल्याला दिसतो म्हणून तो त्वचेचा रोग वाटतो, मुळात हा नसांचा रोग आहे. आज हे पाठ्यपुस्तकात असतं. इतक्या सवयीने नसांमध्ये घर करणारा दुसरा जंतू नाही.

या जंतूला थंडावा आवडतो. शरीराच्या आतल्या उबेपेक्षा जिथे थोडं गार असतं, म्हणजे जिथे नस कातडीच्या अगदी खाली येते, तिथे तो वाढतो: कोपराच्या आत, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याशी, मानेच्या बाजूला. कोपर आपटल्यावर करंट लागतो ती अल्नर नस, तीच करंगळीपर्यंत जाते. अख्ख्या मुंबईत या जंतूला गार जागा सापडली ती माझ्या कोपरात!

हा जंतू हान्सेन यांनी नॉर्वेत १८७३मध्ये पाहिला, पण प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजतागायत कुणालाही वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. त्यामुळे १९५८मध्ये परळच्या या संस्थेत बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वाढवून दाखवला तेव्हा केवढी खळबळ झाली असेल! हाच तो कुष्ठाचा जंतू का, यावर वाद झाले. तो त्याचा एक चुलत भाऊबंद निघाला, पण वाया गेला नाही. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणायला लागले आणि पुढे डॉ. मधुकर देव यांनी त्यापासून लस केली. दक्षिण भारतात चार लसींची तुलना करणारी मोठी चाचणी झाली. १९९८मध्ये तिचे निष्कर्ष आले, त्यात परळच्या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं, चारांत सगळ्यात जास्त. सरसकट वापरात मात्र ती आली नाही. तोवर गोळ्यांनी रुग्णांची संख्या भराभर खाली आणली होती आणि लसीची निकड कुणाला वाटेना. मला विचाराल तर हे दुर्दैव आहे. कमल रणदिवेंना १९८२मध्ये पद्मभूषण मिळालं. संस्था २००२मध्ये खारघरला गेली. त्यांचं कुष्ठरोगावरचं काम आमच्या रस्त्यावरच्या किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. आधी होतं कडू कवठाच्या बियांचं तेल. ते टोचायचे, आणि ती इंजेक्शनं रोगापेक्षा जास्त दुखायची. मग १९४०च्या दशकात सल्फोन, त्यातून डॅप्सोन. डॅप्सोन वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यायला लागायचं आणि पुढे जंतू त्यालाही दाद देईनासे झाले. १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली: रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन, डॅप्सोन. १९८२ म्हटलं की परळकराला फक्त संप आठवतो, गिरण्या बंद पडल्या ते वर्ष. त्याच सुमाराला या रोगावरचा बहुऔषधी उपचार सुरू होत होता हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तिकडे १९७६मध्ये डॉ. आर. गणपती यांनी बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट सुरू केला होता. त्यांची माणसं धारावीच्या गल्ल्यांत जाऊन रुग्ण शोधत आणि त्यांना घरीच ठेवून औषध देत. आश्रमात पाठवायची गरज उरली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे वीस वर्षं आधी मिळायला हवं होतं.

चट्टे कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील किंवा जंतू जास्त असतील तर बारा. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत माणसाकडून दुसऱ्याला लागण होत नाही. मला रिफॅम्पिसिनने लघवी लाल झाली, क्लोफाझिमिनने चेहरा सावळा पडला. ऑफिसात "गोव्याला जाऊन आलास का?" असं विचारलं तेव्हा हो म्हणून टाकलं.

आणि आता माझी तक्रार. भारतात २००५च्या डिसेंबरअखेर कुष्ठरोगाचं ‘निर्मूलन’ झालं. हा शब्द ऐकून रोग संपला असं कुणालाही वाटेल. त्याचा खरा अर्थ एवढाच, की दर दहा हजार लोकांमागे उपचार घेणारा रुग्ण एकापेक्षा कमी. देशात अजूनही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातले निम्म्याहून जास्त. पण शब्द कागदावर आला की तो लोकांच्या डोक्यातही उतरतो. नसेवर सूज असताना, सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड दिलं तर गेलेला स्पर्श पुष्कळदा परत येतो. त्या काळात मी मानेला पट्टा लावून हिंडत होतो. डॉक्टर वाईट नव्हते. पुस्तकातून जवळजवळ गेलेला रोग समोर बसलाय असं त्यांच्या मनात आलं नाही, एवढंच. एके काळी या बधिरपणाची इतकी भीती होती की पोलीस पकडून न्यायचे, आणि आता त्याचा इतका विसर पडलाय की बधिरपणा सांगूनही कुणाला संशय येत नाही. ताईच्या गावात उन्हाळ्यात मुंग्या म्हटलं की नर्ससुद्धा आधी गोचिडीचं विचारते.

रोजचं म्हणाल तर फारसं अवघड नाही. चहाचा ग्लास उजव्या हातात. स्वयंपाकघरात डाव्या हाताने काही उचलायचं तर सांडशी किंवा जाड फडकं, "गरम नाहीये" असं कुणीही सांगितलं तरी. लोकलमध्ये दाराजवळ उभं राहिलो तर डावा हात आत. शर्टाची बटणं लावायला बायकोपेक्षा जास्त वेळ लागतो, किल्ली फिरवताना अंगठा लटपटतो. रात्री झोपण्याआधी हात पाण्यात भिजवून तेल लावतो आणि दिव्याखाली धरून बघतो, कुठे लाल झालंय का, फोड आलाय का. दोनदा असा फोड सापडलाय, एकदा इस्त्रीचा. मुंग्या हल्ली कमी असतात. त्या असल्या की मला उलट बरं वाटतं, तेवढा भाग अजून काहीतरी बोलतोय म्हणून. ताईचं उलटं आहे, तिला मुंग्या आल्या की रात्रभर झोप लागत नाही.

१८९८चा कायदा २०१६मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येतो ही तरतूद २०१९मध्ये निघाली. माझं लग्न त्याआधीचं, निदानही त्याआधीचं. त्या काळात आमच्या घरी कपाटात कायद्याचं पुस्तक होतं (बायको वकील आहे) आणि ते कलम मी एकदा काढून वाचलं होतं. तिला सांगितल्यावर ती म्हणाली की ते तिला पाठ आहे.

वर्षातून एकदा तपासणीला जातो. नायलॉनचे सहा धागे असतात, हिरवा सगळ्यात मऊ, मग निळा, जांभळा, लाल, नारिंगी आणि शेवटचा गुलाबी, तो जवळजवळ काडीसारखा. डोळे मिटायचे आणि टोचलं की हो म्हणायचं. उजव्या हाताला हिरवा कळतो. माझी करंगळी नारिंगीवर आहे, शेजारच्या बोटाची एक बाजू जांभळ्यावर. सहा वर्षांत रंग बदललेला नाही, आणि बदलला नाही की डॉक्टर खूश असतात.